तेलाचा नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

पर्यटकांवर पोट भरणाऱ्या किनाऱ्याजवळ तेलविहीर खणू द्यावी काय? आम्ही कापडवाले, आमचा सवाल एकच : नफा कोणाच्या गल्ल्यात आणि जोखीम कोणाच्या माथी?

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगार दगावले. विहीर ८७ दिवस वाहत राहिली. ती अमेरिकेच्या लुइझियाना राज्यासमोर होती. तेलाचे गोळे मात्र फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या वाळूवरही आले. जेथे थेंबही पोहोचला नाही, तेथलीही गिऱ्हाइके फिरली. एका ताग्याला डाग लागला की सारी गाठ संशयात जाते, तसेच हे. कंपनीने भरपाईसाठी २० अब्ज डॉलरचा निधी ठेवला, पण गेलेला हंगाम परत येत नाही. २०१८ साली फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्याच्या हद्दीतील समुद्रात तेलासाठी खोदाईवर बंदी घातली.

तेल नकोच, असे आम्ही म्हणत नाही. मुंबई हायचे तेल आपल्याही कामी येते. मात्र किनाऱ्यालगत परवाना देण्यापूर्वी भरपाईची रक्कम आगाऊ ठेवून घ्यावी आणि खानावळवाला, होडीवाला, कारागीर यांना आधी विचारावे. बंधूंनो, साख बुडाली तर ती त्यांचीच बुडते.