फिन्सबरीचीं तीन मतें

मुंबईस ज्यांचें येणेंजाणें आहे त्यांस ग्रँट रोड ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. घरांत कोणी डॉक्टर असल्यास ग्रँट मेडिकल कॉलेजचें नांवही मुलांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु हा ग्रँट कोण, आणि मुंबईस येण्यापूर्वीं तो काय करीत होता, असें कोणीं विचारल्यास आपण बहुतेक निरुत्तर होऊं. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ पासून १८३८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. पुण्याजवळ दापोडीस त्यांचा अंत झाला व पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्यें त्यांस मूठमाती मिळाली. गव्हर्नरीवर नेमणूक होण्यापूर्वीं ते लंडन शहरांतील फिन्सबरी या मतदारसंघाचे कॉमन्स सभेंतील प्रतिनिधि होते. पुढें अठ्ठावन्न वर्षांनीं याच फिन्सबरीच्या एका भागानें मुंबईच्याच एका गृहस्थास पार्लमेंटांत पाठविलें. तो मतदारसंघ आज नकाशावर नाहीं. परंतु त्याची कथा आपल्या घराशीं इतक्या धाग्यांनीं जोडलेली आहे कीं ती एकदां समग्र सांगावीशी वाटते.

घड्याळजींची वस्ती

इंग्लंडांत १८३२ सालीं पार्लमेंटच्या सुधारणेचा पहिला मोठा कायदा झाला. तोंपर्यंत ओसाड पडलेल्या खेड्यांस दोन दोन प्रतिनिधि आणि नव्यानें वाढलेल्या शहरांस एकही नाहीं, असा तेथील प्रकार होता. या कायद्यानें ज्या वस्त्यांस प्रथमच प्रतिनिधित्व मिळालें त्यांत फिन्सबरी होतें व त्याच्या वांट्यास दोन जागा आल्या. या भागाचें हृदय म्हणजे क्लार्कनवेल. घड्याळें करणारे, जवाहिरे, छापखानेवाले, मद्याच्या भट्ट्यांतील कामकरी, मागाहून येऊन राहिलेले इटालियन कारागीर, अशा हातांवर पोट असलेल्या परंतु डोकें चालविणाऱ्या लोकांची ही वस्ती. क्लार्कनवेल ग्रीन या मोकळ्या जागेंत सभा भरावयाच्या, आणि त्यांत सरकारास खडे बोल ऐकवावयाचे, हा तेथील जुना परिपाठ.

पहिल्याच निवडणुकींत तेथून ग्रँटसाहेब निवडून आले. त्यांचा जन्म बंगालचा व त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारी मंडळांतील बडे अधिकारी. या ग्रँटांनीं ज्यू लोकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क मिळावा म्हणून आणलेलें बिल १८३३ सालीं कॉमन्स सभेनें मंजूर केलें, परंतु उमरावांच्या सभेनें तें फेटाळलें. ज्यू सभासदास आपल्या पद्धतीनें शपथ घेऊन तेथें बसण्यास पुढें १८५८ साल उजाडावें लागलें. परधर्मीयासाठीं दार उघडावें असें म्हणणारा हा पहिला प्रतिनिधि फिन्सबरीनें दिला, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

ग्रँटांच्या मागून आलेली जोडीही कांहीं सामान्य नव्हती. टॉमस डन्कोम हे १८३४ पासून १८६१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, फिन्सबरीचे प्रतिनिधि राहिले. कामकरी वर्गास मताधिकार मिळावा म्हणून तेहेतीस लाखांहून अधिक सह्यांचा जो प्रचंड अर्ज चार्टिस्ट मंडळींनीं १८४२ सालीं केला, तो पार्लमेंटपुढें त्यांनींच मांडला. दुसरे टॉमस वॅक्ली. हे धंद्यानें शस्त्रवैद्य. डॉक्टर मंडळींच्या घरीं आजही ज्याचें नांव आदरानें घेतलें जातें तें 'लॅन्सेट' पत्र त्यांनीं १८२३ सालीं सुरू केलें. सारांश, गरीबांची बाजू उचलणारा मनुष्य या मतदारसंघास मानवत असे.

१८८५ सालीं जागांची नवी वांटणी झाली आणि जुन्या फिन्सबरीचे तीन तुकडे पडले : होबर्न, पूर्व फिन्सबरी व मध्य फिन्सबरी. प्रत्येकास एक प्रतिनिधि. आपली कथा येथून मध्य फिन्सबरीची आहे. त्याची पहिली निवडणूक १८८५ सालीं हॉवर्ड स्पेन्स्ली या लिबरल गृहस्थांनीं जिंकली. पुढल्याच वर्षीं आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून लिबरल पक्ष दुभंगला, पुन्हां निवडणूक झाली, आणि ही जागा हुजूर पक्षाच्या कॅप्टन पेंटन यांचेकडे गेली. क्लार्कनवेलच्या उत्तरेस पेंटनव्हिल नांवाची जी वस्ती आहे, ती ज्या घराण्यानें आपल्या जमिनीवर वसविली त्याच घराण्यांतील हे. म्हणजे गांवचा जमीनदारच प्रतिनिधि.

लॉर्ड सॉल्सबरी यांचें एक वाक्य

त्याच १८८६ च्या निवडणुकींत शेजारच्या होबर्नमध्यें एक साठीकडे झुकलेले पारशी गृहस्थ उभे होते. दादाभाई नवरोजी यांची ओळख वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत गणिताची अध्यापकी, लंडनमधील व्यापार, मल्हारराव गायकवाडांच्या कारकीर्दींत बडोद्याची अल्पकाळची दिवाणगिरी, हें सर्व करून ते पार्लमेंटच्या दारीं आले होते. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचें कारण लंडनच्या कारभारांत आहे, तेव्हां तें सांगावयाचें तर लंडनच्या सभेंतच सांगितलें पाहिजे, असा त्यांचा निश्चय. होबर्नमध्यें त्यांस १,९५० मतें पडलीं व कर्नल डन्कन यांस ३,६५१. पराभव सडकून झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद भूषवून ते पुन्हां लंडनास परतले, आणि १८८८ सालीं मध्य फिन्सबरीच्या लिबरल मंडळींनीं त्यांस आपला उमेदवार ठरविलें.

ठरविलें खरें, पण एकमतानें नव्हे. रिचर्ड ईव्ह नांवाच्या दुसऱ्या इच्छुकाचा पक्ष तेथें होता, आणि परका मनुष्य निवडून कसा येणार, ही कुजबूज स्वपक्षांतही होती. अशांत ३० नोव्हेंबर १८८८ रोजीं मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबरो येथें भाषण करीत असतां होबर्नच्या जुन्या निकालाचा विषय निघाला. मनुष्यजातीनें कितीही प्रगति केलेली असो, एखाद्या काळ्या मनुष्यास आपला प्रतिनिधि करण्याइतके इंग्लिश मतदार पुढें गेले आहेत असें आपणास वाटत नाहीं, अशा अर्थाचें वाक्य ते बोलून गेले.

या एका वाक्यानें जें झालें तें दादाभाईंच्या शंभर व्याख्यानांनीं झालें नसतें. लिबरल पत्रें तुटून पडलीं. दादाभाई वर्णानें गोरे, व त्यांच्या शेजारीं स्वतः लॉर्डसाहेबच सांवळे दिसतील, अशी थट्टाही झाली. परंतु थट्टेपलीकडे या वादांत एक गंभीर गोष्ट होती. वर्ण गोरा कीं काळा हा प्रश्न नव्हता. ज्या साम्राज्यांत कोट्यवधि हिंदी प्रजा आहे त्या साम्राज्याच्या सभेंत तिच्यापैकीं एकास बसतां येईल कीं नाहीं, हा होता. दादाभाईंचें नांव विलायतेंत घरोघर झालें, आणि क्लार्कनवेलच्या कारागिरांस आपल्या मताची किंमत नव्यानें कळली.

चार वर्षें दादाभाईंनीं तो मतदारसंघ पायांखालीं घातला. आयर्लंडचें स्वराज्य, स्त्रियांस मताधिकार, कामकऱ्यांचे हक्क, लंडनच्या कारभाराची सुधारणा, या सर्वांस त्यांचा पाठिंबा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं त्यांच्या उमेदवारीस अनुकूलता दर्शविली. ईव्ह अखेर मागें सरले.

६ जुलै १८९२ रोजीं मतदान झालें. मतें मोजलीं गेलीं, आणि पहिल्या घोषणेंत दादाभाई अवघ्या पांच मतांनीं पुढें असल्याचें जाहीर झालें. फेरमोजणींत तोही आंकडा उतरला : दादाभाई २,९५९, पेंटन २,९५६. सहा हजारांच्या आंतबाहेर मतें, आणि अंतर तीन मतांचें! पेंटनसाहेबांनीं निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, पण तो पुढें सोडून देण्यांत आला. इंग्रजांच्या जिभेस 'नवरोजी' हें नांव अवघडच. विनोदी मंडळींनीं त्याचें 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे निसटतें मताधिक्य, असें करून टाकलें.

यापूर्वीं सरधान्याच्या बेगम समरूंचा वारस डाइस सोंब्र हा मिश्र वंशाचा गृहस्थ १८४१ मध्यें सडबरी येथून निवडून आला होता. परंतु लांचलुचपतीच्या कारणावरून ती निवडणूक पुढल्याच वर्षीं रद्द झाली. बंगालचे लालमोहन घोष डेप्टफर्डमध्यें दोनदां लढून हरले होते. म्हणून हिंदी जनतेचा म्हणून जो मनुष्य त्या सभेंत प्रथम बसला तो दादाभाईच.

चौऱ्यांशी विरुद्ध शहात्तर

निवडून येणें ही अर्धी कथा झाली. त्या जागेचा उपयोग काय झाला, हें पाहिल्यावांचून तिची किंमत ठरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं घरांतील हुशार मुलानें सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा द्यावी कीं नाहीं, यावर ओटीवर खल होत असे. परीक्षा लंडनांतच. खर्च हजारोंचा, वयाची मर्यादा कडक, समुद्रपर्यटनाचें प्रायश्चित्त निराळें, आणि मुलगा नापास झाला तर सर्वच पाण्यांत. ही परीक्षा हिंदुस्थानांतही एकाच वेळीं घ्यावी, एवढीच मागणी होती. २ जून १८९३ रोजीं हर्बर्ट पॉल यांनीं तसा ठराव कॉमन्स सभेंत आणला, दादाभाईंनीं त्यास पुष्टि दिली, आणि सरकारच्या इच्छेविरुद्ध तो ७६ विरुद्ध ८४ मतांनीं मंजूर झाला. हिंदुस्थानांत आनंदीआनंद झाला. त्या सालच्या लाहोरच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद पुन्हां दादाभाईंकडेच आलें.

परंतु ठराव पास होणें निराळें आणि अंमलांत येणें निराळें. सरकारनें तो बासनांत गुंडाळून ठेवला. हिंदुस्थानांत ही परीक्षा होऊं लागली ती १९२२ सालीं. मधल्या एकोणतीस वर्षांत दादाभाईही निवर्तले होते. ही कटु गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. एका सभासदाच्या बळावर साम्राज्याचें धोरण फिरत नाहीं. तथापि दादाभाईंच्या चिकाटीचें एक फळ पदरांत पडलें : हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं १८९५ सालीं वेल्बी कमिशन नेमलें गेलें व त्यावर दादाभाई सभासद झाले. त्याच कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं १८९७ सालीं आमच्या पुण्याचे गोपाळराव गोखले लंडनास गेले. गोखल्यांच्या पुढील सार्वजनिक आयुष्यांत त्या साक्षीचें महत्त्व केवढें, हें महाराष्ट्रास सांगणें नको.

पुढील प्रतिनिधि

कमिशनचें काम सुरू होतें न होतें तोंच १८९५ ची निवडणूक आली. हुजूर पक्षाची लाट होती. तींत दादाभाईंची जागा गेली व मॅसी-मेनवेअरिंग हे कलावस्तूंचे शोकी गृहस्थ निवडून आले. दैवाची गति अशी कीं, त्याच निवडणुकींत बेथनल ग्रीनमधून दुसरे पारशी गृहस्थ मंचेरजी भावनगरी निवडून आले. परंतु हुजूर पक्षातर्फे! लॉर्ड सॉल्सबरींचें भाकित त्यांच्याच पक्षानें असें खोटें पाडलें. १९०६ सालीं वारें पुन्हां फिरलें व मध्य फिन्सबरीनें होड्या बांधणारे कारागीर विल्यम स्टेडमन यांस पाठविलें. त्याच वर्षीं दादाभाई वयाच्या ऐंशीव्या वर्षीं उत्तर लँबेथमधून उभे राहिले व हरले.

या मतदारसंघाचे शेवटचे प्रतिनिधि मार्टिन आर्चर-शी. ते जानेवारी १९१० मध्यें निवडून आले. त्यांचा सावत्र भाऊ जॉर्ज हा आरमारी विद्यालयांत शिकत असतां, पांच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ येऊन त्यास काढून टाकलें होतें. पोर म्हणे, मीं घेतली नाहीं. साऱ्या घरानें त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, सर एडवर्ड कार्सन यांस वकीलपत्र दिलें व आरमारखात्याशीं दावा मांडला. १९१० सालीं मुलगा निर्दोष ठरला. टेरेन्स रॅटिगन यांचें 'द विन्स्लो बॉय' हें १९४६ चें नाटक याच हकीकतीवर रचलेलें आहे. तो मुलगा १९१४ च्या युद्धांत ईप्र येथें पडला.

१९१८ च्या कायद्यानें तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांस प्रथमच मत मिळालें, आणि त्याच वेळीं मध्य फिन्सबरी हा मतदारसंघ मोडून फिन्सबरी एक करण्यांत आलें. दादाभाई त्याच्या आदल्याच वर्षीं, ३० जून १९१७ रोजीं, मुंबईस वारले होते. त्यांस निवडून देणाऱ्या २,९५९ मतदारांत एकही स्त्री नव्हती. जिच्या मताधिकारासाठीं ते बोलत आले तिला तो मिळाला तेव्हां ते नव्हते व त्यांचा मतदारसंघही नव्हता. आज त्या भागांत नवरोजी स्ट्रीट नांवाचा एक लहानसा रस्ता आहे, आणि फिन्सबरीच्या जुन्या नगरमंदिराच्या भिंतीवर त्यांच्या निवडणुकीची आठवण देणारी पाटी आहे.

निवडणुकीच्या दिवशीं आपल्या घरांतही कोणी तरी म्हणतेंच : ऊन फार आहे, आपल्या एका मतानें काय होणार? त्या दिवशीं क्लार्कनवेलच्या दोन घड्याळजींनीं दादाभाईंस दिलेलें मत पेंटनसाहेबांच्या पेटींत टाकलें असतें, तर निकाल उलटला असता. लॉर्डसाहेबांचें वाक्य खरें ठरलें असतें. ८४ विरुद्ध ७६ चा ठराव आणि वेल्बी कमिशनांतील हिंदी सभासद, यांपैकीं काय झालें असतें तें ईश्वर जाणे. ज्यांनीं तो निकाल लावला त्या सामान्य माणसांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत. दिवसभराचें काम आटोपून ते गेले, मत दिलें, आणि घरीं परत आले.