सरहद्दीवरचा पदवीधर आणि व्यवस्थापनशिक्षणाची पूर्वतयारी

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली तेव्हा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या पांढुर्णा व सौंसर या तहसिली, जिथे घरात, बाजारात आणि देवळात मराठीच बोलली जात होती, त्या नव्या मध्य प्रदेशात राहिल्या. 2023 च्या ऑक्टोबरात या तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी इथल्या माणसाचा दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि संत्र्याचा बाजार पूर्वीसारखाच नागपूरला आहे, आणि त्याचे दफ्तर मात्र भोपाळकडे. या दुहेरी संसाराचा परिणाम जिथे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, अशी एक जागा म्हणजे व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, म्हणजे एमबीएसाठी, करावयाचा अर्ज. 2015 साली नागपुरात भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, निघाल्यापासून ही वाट इथल्या मुलांना दुरापास्त वाटेनाशी झाली आहे, आणि म्हणूनच तिची आखणी किती आधी करावी लागते हे विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

पदवी हाती पडल्यावर बहुतेक मुले प्रथम शिकवणीवर्ग शोधतात. माझ्या मते आधी पंचांग मांडावे, आणि तेही शेवटाकडून. 2026 साली बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या ज्या मुलाला वा मुलीला 2028 च्या उन्हाळ्याअखेर वर्गात बसायचे आहे, तिच्या मुलाखती त्याच वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत होतील. त्याआधीची कॅट ही सामायिक परीक्षा शिरस्त्याप्रमाणे 2027 च्या नोव्हेंबरअखेरीच्या एखाद्या रविवारी असेल. आणि तिच्या अर्जाची मुदत ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात संपेल. म्हणजे हाताशी अर्जापूर्वीचे एक सबंध वर्ष उरते, आणि ते वर्ष कसे घालवले हे अर्जात व मुलाखतीत दोन्हीकडे विचारले जाते.

या परीक्षेला दरवर्षी सुमारे तीन लाख उमेदवार बसतात. परंतु निवड केवळ तिच्या गुणांवर होत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव व मुलाखत यांनाही प्रत्येक संस्था आपापल्या रीतीने वजन देते. दहावी-बारावीचे गुण आता बदलणारे नाहीत, तेव्हा पदवीधराच्या हाती खरोखर जी गोष्ट आहे ती अनुभव, आणि ‘ड्रॉप’ घेऊन दोन-दोन वर्षे नागपूरच्या खोलीत सराव-परीक्षा सोडवीत बसण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला या कारणाने घातक वाटतो. सौंसर तहसिलीतल्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडच्या कापडगिरणीसारखे मोठे कारखाने आहेत. बँका, विमा कचेऱ्या, औषधांच्या वितरकांची दुकाने आहेत. तिथली लहानशी पूर्णवेळ नोकरीही रिकाम्या वर्षापेक्षा मोलाची. शिक्षण चालू असताना केलेली उमेदवारी किंवा अर्धवेळ काम बहुधा अनुभवात धरले जात नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. घरच्या अडत-दुकानात किंवा बगीच्याच्या व्यवहारात मूल राबत असेल, तर त्या कामाची कागदोपत्री नोंद, बँकेतून जमा होणारा पगार आणि आयकराचे विवरणपत्र पहिल्या महिन्यापासून असू द्यावे. तोंडी कैफियतीला निवडमंडळ पुरावा मानीत नाही.

आता दाखल्यांकडे वळू, कारण इथेच सरहद्द आडवी येते. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचे नाव हिंदी वळणाच्या शाळेत ‘ग्यानेश्वर’ असे पडते आणि भोपाळच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर त्याचे इंग्रजी स्पेलिंग ‘जी’पासून सुरू होते, आधारपत्रावर घरच्यांनी सांगितल्याप्रमाणे ते मराठी धाटणीने ‘डी’पासून येते, आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये घालावे की नाही हे त्या दिवशीच्या कारकुनाच्या मनावर ठरते. तिन्ही दस्तऐवज एकत्र मागवले जातात तेव्हा एका अक्षराचा फरकही शपथपत्राचे कारण होतो, आणि दुरुस्तीचा अर्ज करून कागद परत हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत सहज निघून जाते. म्हणून ही तपासणी पदवीच्याच वर्षी उरकावी.

आरक्षणाच्या दाखल्यांना याहून अधिक दक्षता हवी. इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो. राज्याचा दाखला आयआयएममध्ये चालत नाही. 8 सप्टेंबर 1993 च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे उन्नत गटाची उत्पन्नमर्यादा पाहताना शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, परंतु ओलिताच्या जमिनीचे क्षेत्र पाहिले जाते, आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागा त्या आदेशात शेतजमिनीतच मोडतात. संत्र्याच्या या मुलखात ही गोष्ट प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असायला हवी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याला तर पाच एकर शेतजमिनीची अट आहे: कुटुंबाकडे तितकी किंवा अधिक जमीन असल्यास उत्पन्न कितीही तुटपुंजे असो, दाखला मिळत नाही. तो वर्षाच्या हिशेबाने दिला जात असल्याने एप्रिल उजाडताच लोक सेवा केंद्रात दरखास्त टाकावी.

महाराष्ट्राच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेतून मुंबई-पुण्याच्या संस्थांत जाऊ पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. मराठी मातृभाषेच्या सीमाभागीय उमेदवारांसाठी तिथे जी सवलत आहे ती कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागापुरती आहे. पांढुर्ण्याचे मूल मराठी असूनही, सर्वसामान्यपणे, परराज्यातले ठरते आणि त्याला मोजक्या अखिल भारतीय जागांवरच स्पर्धा करावी लागते. हा न्याय मला खुपतो; पण अर्ज भरणाऱ्याने जागांचा हिशेब आज आहे त्या नियमावरच करायला हवा.

परीक्षेविषयी एवढेच सांगतो की ती सबंध इंग्रजीतून असते, आणि तिच्या तीन विभागांपैकी पहिल्यात मुख्यतः दीर्घ उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला गणित चार-सहा महिन्यांत आवरता येते. वाचनाचा सराव मात्र वर्षभर रोज इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख आणि एखादा दीर्घ लेख वाचल्याशिवाय अंगी मुरत नाही. परदेशाचा विचार असेल तर जीमॅट या परीक्षेचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, कॅटचे एकच वर्ष. शिवाय तिकडे शिफारसपत्र वरिष्ठाकडून लागते, म्हणून नोकरीतल्या साहेबाला आपले काम जवळून दिसेल अशी जबाबदारी आपणहून मागून घ्यावी.

खर्चाचा आकडा मोठ्या संस्थांत वीस लाखांच्याही वर जातो. 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीन न घेता कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. बगीचा गहाण टाकण्याची भाषा घरात निघण्यापूर्वी वडिलांना बँकेत घेऊन जाऊन ही माहिती त्यांच्या कानी घालावी.

मुलाखतीत उमेदवाराच्या गावाविषयी हमखास विचारतात, आणि पांढुर्ण्याचा उमेदवार म्हटला की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीचा, म्हणजे परस्परांवरच्या दगडफेकीचा, प्रश्न यायचाच. तेव्हा लाजून किंवा परंपरेचा नुसता अभिमान सांगून निभावत नाही. नदीत रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, प्रशासनाने केलेले मनाईचे प्रयत्न, त्या दिवशीचा पोलीस व वैद्यकीय बंदोबस्त, आणि तरीही लोक का ऐकत नाहीत, याचा विचार आधी केलेला असावा. संत्र्याचेही तसेच. आंबिया बहराची बाग झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला का दिली जाते, गळ झाली तर तोटा कोणाच्या माथी बसतो, नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात आकारमानाप्रमाणे भाव किती खाली-वर होतो, हे त्याने काकाच्या बांधावर उभे राहून विचारून, आकड्यांसह वहीत उतरवलेले असावे. आंबियाची तोड साधारण ऑक्टोबरात सुरू होते, आणि परीक्षेच्या अगदी तोंडावर त्यासाठी सवड मिळणार नाही, म्हणून ही वही आदल्या वर्षीच्या तोडीलाच भरून घ्यावी.