क्रीडा घड्याळांतील काळी व पांढरी तबकडी

क्रीडा घड्याळांतील काळी व पांढरी तबकडी हा मनगटी घड्याळांच्या रचनेतील पार्श्वरंगाच्या निवडीचा विषय आहे. महागड्या पोलादी क्रीडा घड्याळांची अनेक प्रारूपे एकाच आकारात, एकाच यंत्रासह आणि बहुधा एकाच किमतीत काळ्या व पांढऱ्या अशा दोन तबकड्यांसह विकली जातात. त्यामुळे ही निवड केवळ आवडीची आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तबकडीचा रंग बदलला की काटे, तासखुणा व त्यांच्या कडा यांची रचनाही बदलावी लागते. वेळ किती सहज वाचता येते, घड्याळ मनगटावर केवढे दिसते आणि काही दशकांनंतर ते कसे जुने होते, यांवरही तबकडीच्या रंगाचा परिणाम होतो. रोलेक्स कंपनीचे 'एक्सप्लोरर २' हे या विषयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानता येते.

दोन परंपरा

पांढरी तबकडी अधिक जुनी आहे. खिशातील घड्याळांच्या काळात तांब्याच्या चकतीवर पांढरे एनॅमल भाजून त्यावर काळे आकडे काढले जात. ही तबकडी दिव्याच्या मंद उजेडातही वाचता येई. अमेरिकेत एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन रेल्वेगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घड्याळांच्या तपासणीचे काम सोपवण्यात आले. यातून जी मानके रूढ झाली, त्यांत घड्याळाच्या अचूकतेबरोबरच तबकडीचाही विचार होता. पांढऱ्या पृष्ठभागावर ठळक, साधे आकडे आणि गडद काटे असावेत अशी अपेक्षा असे. एकमार्गी रुळांवर समोरची गाडी कोठे थांबणार हे केवळ वेळेवरून ठरत असल्याने मिनिट काटा चुकीचा वाचणे जिवावर बेतू शकत होते.

काळ्या तबकडीची परंपरा लष्करातून व उपकरणांतून आली. विमानाच्या चालककक्षातील मापकांची तबकडी काळी व अक्षरे पांढरी असत. तीच पद्धत मनगटावर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश संरक्षण खात्याने बारा स्विस कंपन्यांकडून सैनिकांसाठी घड्याळे मागवली. त्यांच्या तपशिलात काळी तबकडी व अंधारात चमकणारे काटे यांचा समावेश होता. युद्धानंतरची पाणबुड्यांची घड्याळे याच वाटेने गेली. १९५३ मध्ये पुढे आलेले ब्लांपँ कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' व त्याच सुमाराचे रोलेक्सचे 'सबमरीनर' या दोन्हींची तबकडी काळी होती. क्रीडा घड्याळ म्हटले की काळी तबकडी डोळ्यांसमोर येते ती यामुळे.

पोलादी क्रीडा घड्याळाला चैनीच्या वस्तूची प्रतिष्ठा मिळाली ती १९७० च्या दशकात. ओदमार पिगे कंपनीचे 'रॉयल ओक' (१९७२) व पातेक फिलिपचे 'नॉटिलस' (१९७६) ही त्यातील प्रमुख नावे. या दोन्हींची मूळ तबकडी काळीही नव्हती आणि पांढरीही नव्हती; ती निळसर छटेची होती.

चमकणारा लेप आणि पार्श्वभूमी

काळी तबकडी रूढ होण्यामागे अंधारात चमकणाऱ्या लेपाचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी रेडियममिश्रित रंग वापरला जाई. मराठीत आजही चमकणाऱ्या काट्यांना, इतकेच नव्हे तर वाहनांवरील परावर्तक पट्ट्यांनाही 'रेडियम' म्हणतात. वस्तुतः या पट्ट्यांत रेडियम नसते. घड्याळांच्या तबकड्यांत मात्र ते खरोखरच होते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. त्यांपैकी अनेकींना जबड्याच्या हाडांचे व रक्ताचे गंभीर आजार झाले आणि काही मृत्युमुखी पडल्या. त्यांच्यापैकी पाच जणींनी कंपनीविरुद्ध लढलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १२.३ वर्षे असल्याने त्या काळातील काटे आज जवळजवळ चमकत नाहीत. १९९० च्या दशकापासून स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारित, किरणोत्सर्गी नसलेले लेप प्रचारात आले. हे लेप उजेड शोषून घेतात आणि अंधारात तो हळूहळू परत देतात.

लेपाचा रंग दिवसा पांढरा किंवा फिकट पिवळसर दिसतो. काळ्या तबकडीवर तो आपोआप उठून दिसतो, त्यामुळे एकच पदार्थ दिवसा खुणेचे व रात्री दिव्याचे काम करतो. पांढऱ्या तबकडीवर हाच लेप दिवसा पार्श्वभूमीत मिसळून जातो. त्याभोवती चकचकीत धातूची कड दिली तरी अडचण सुटत नाही, कारण ती कड समोरच्या पांढऱ्या आकाशाचे किंवा भिंतीचे प्रतिबिंब दाखवते आणि काटा क्षणभर नाहीसा झाल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे काट्यांना व तासखुणांना काळी कड देणे. आज चांगल्या पांढऱ्या क्रीडा घड्याळांत ही काळी कड जवळजवळ हमखास आढळते. ती शोभेसाठी नसून तिच्यावाचून तबकडी नीट वाचता येत नाही.

संपूर्ण अंधारात मात्र दोन्ही तबकड्या सारख्याच. प्रकाश लेपातून येतो आणि पार्श्वभूमी दिसतच नाही, त्यामुळे लेपाचे क्षेत्रफळ व गुणवत्ता समान असेल तर काळ्या तबकडीला वेगळा लाभ मिळत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकात अंधारात २५ सेंटिमीटर अंतरावरून वेळ वाचता यावी अशी अट आहे; तबकडी कोणत्या रंगाची असावी हे त्यात सांगितलेले नाही.

वाचनीयता

दोन रंगांमधील खरा फरक अर्धवट उजेडात कळतो. संधिप्रकाशात किंवा मंद दिव्याच्या खोलीत पांढरी तबकडी उपलब्ध उजेड परत फेकते आणि काळ्या कडेचे काटे तिच्यावर छायाकृतीसारखे दिसतात. लेप पुरेसा चमकू लागण्याआधीच्या या वेळेत पांढरी तबकडी सरस ठरते. उलट कडक उन्हात तीच तबकडी काहींना डोळे दिपवणारी वाटते.

काळ्या तबकडीची दुसरी अडचण काचेशी संबंधित आहे. काचेवर पडणारे प्रतिबिंब दोन्ही घड्याळांत सारखेच असते, पण मागे काळा रंग असेल तर ते अधिक स्पष्ट दिसते. रात्री खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, दिवसा दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून काळ्या तबकडीच्या घड्याळाला काचेवरील प्रतिबिंबरोधक लेपाचा उपयोग जास्त होतो. काळी तबकडी चकचकीत लॅकरची आहे की खरखरीत व निस्तेज, यानेही मोठा फरक पडतो. उपकरणांच्या परंपरेतील घड्याळे निस्तेज काळा रंग पसंत करत; चैनीच्या घड्याळांत चकचकीत काळ्याला मागणी असते. येथे वाचनीयतेचा थोडा बळी देऊन दिमाख घेतला जातो असे म्हणावे लागेल.

आकाराचा भास हाही यातीलच एक भाग आहे. समान मापाच्या उजळ व गडद आकृतींपैकी उजळ आकृती डोळ्याला मोठी वाटते. या दृष्टिभ्रमामुळे ४२ मिलिमीटर व्यासाचे पांढरे घड्याळ त्याच मापाच्या काळ्या घड्याळापेक्षा मोठे भासते. बारीक मनगटाच्या व्यक्तींना काळी तबकडी अधिक शोभते, असे घड्याळविक्रेते सांगतात त्याला हा आधार आहे.

एक्सप्लोरर २

रोलेक्सने १९७१ मध्ये १६५५ या क्रमांकाचे 'एक्सप्लोरर २' आणले. गुहांमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या शोधकांना दिवस आहे की रात्र हे कळावे, यासाठी त्यात चोवीस तासांचा ठळक नारिंगी काटा व काचेभोवती चोवीस तासांचे आकडे असलेले स्थिर कडे होते. तबकडी फक्त काळ्या रंगात मिळत असे.

पांढरी तबकडी आली ती १९८५ च्या सुमारास, १६५५० या प्रारूपात. प्रारंभीच्या तबकड्यांवरील तासखुणांना पांढऱ्या सोन्याची चकचकीत कड होती. शिवाय काही तबकड्यांचा रंग कालांतराने पिवळसर, सायीसारखा झाला. रंगातील हा दोष होता. पण संग्राहकांनी पुढे त्यालाच वैशिष्ट्य मानले आणि अशा घड्याळांना अधिक किंमत मिळू लागली. १९८९ च्या १६५७० या प्रारूपात पांढऱ्या तबकडीवरील काटे व खुणांना काळी कड देण्यात आली, तर काळ्या तबकडीवर पांढऱ्या सोन्याची कड कायम राहिली. दोन्ही तबकड्या एकाच घड्याळाच्या असूनही त्यांच्यावरील सामग्री वेगळी झाली. पांढरी तबकडी ध्रुवप्रदेशाच्या बर्फाची आठवण करून देते म्हणून संग्राहक तिला 'पोलर' म्हणतात.

२०११ मध्ये घड्याळ ४० वरून ४२ मिलिमीटरचे झाले (२१६५७०) आणि नारिंगी काटा परत आला. या वेळी काळ्या तबकडीतील काट्यांचा मध्याजवळचा भाग काळा करण्यात आला, त्यामुळे काटे अधांतरी तरंगत असल्यासारखे दिसतात. २०२१ च्या २२६५७० या प्रारूपातही दोन्ही रंग कायम आहेत. काळ्या तबकडीवर नारिंगी काटा अधिक तळपतो हे खरे. तथापि तास व मिनिट काट्यांच्या बाबतीत पांढऱ्या तबकडीवरील काळी कड हाच या मालिकेतील सर्वांत यशस्वी बदल म्हणता येईल.

क्रोनोग्राफ घड्याळे

क्रोनोग्राफमध्ये मुख्य तबकडीवर लहान उपतबकड्या असतात, त्यामुळे काळा की पांढरा हा प्रश्न एकाच घड्याळात दोनदा येतो. पांढऱ्या तबकडीवर काळ्या उपतबकड्या असतील तर तिला 'पांडा' आणि काळीवर पांढऱ्या असतील तर 'उलटा पांडा' म्हणतात. रोलेक्सचे 'डेटोना' १९६३ मध्ये अशाच परस्परविरोधी रंगांसह आले. त्यातील विशेष तबकड्यांचा एक प्रकार त्या काळी दुकानांत पडून राही. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर तो दिसल्याने पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. न्यूमनचे स्वतःचे, फिकट तबकडी व काळ्या उपतबकड्यांचे घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. २०१६ च्या सिरॅमिक कड्याच्या 'डेटोना'त पांढरी व काळी या दोन्ही तबकड्यांची अधिकृत किंमत समान होती. पुनर्विक्रीच्या बाजारात मात्र पांढरीला सामान्यतः अधिक दर मिळत आला.

ओमेगा कंपनीच्या 'स्पीडमास्टर'ची गोष्ट उलट दिशेची आहे. १९६५ मध्ये नासाने अंतराळप्रवासासाठी मान्य केलेले हे घड्याळ निस्तेज काळ्या तबकडीचे होते. १९६९ मध्ये कंपनीने 'अलास्का' या सांकेतिक नावाने चंद्रासाठी एक नमुना तयार केला. त्याची तबकडी पांढरी होती, आणि त्यामागे सौंदर्याचा विचार नव्हता. सूर्याची उष्णता परतवून लावणे हा हेतू होता. नेहमीच्या 'मूनवॉच' मालिकेत पोलादी घड्याळाला पांढऱ्या लॅकरची तबकडी मिळाली ती थेट २०२४ मध्ये, आणि तिच्यावरही तासखुणा काळ्याच ठेवाव्या लागल्या.

काळानुसार होणारे बदल

काळी तबकडी ऊन व ओलावा यांमुळे तपकिरी होऊ शकते. अशा तबकड्यांना संग्राहक 'ट्रॉपिकल' म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यातील काही काळ्या 'डेटोना' घड्याळांत उपतबकड्यांभोवतीची रुपेरी वर्तुळे वापरलेल्या वार्निशामुळे तपकिरी झाली. लिलावतज्ज्ञ ओस्वाल्डो पात्रिझी यांच्यावरून ती 'पात्रिझी' तबकडी म्हणून प्रसिद्ध आहे. पांढरी तबकडी पिवळसर होते किंवा तिच्यावर बारीक तडे जातात. धुळीचा कण किंवा लेपाचा गळलेला तुकडा काळ्यावर लगेच दिसतो, ओलाव्याचा डाग पांढऱ्यावर.

जुनी तबकडी पुन्हा रंगवून घेतल्यास घड्याळाचे संग्राहकमूल्य बहुधा घटते. या संदर्भात मुंबईचे नाव जगभर घेतले जाते. भारतात जुन्या स्विस व एचएमटी घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने छापून विकण्याचा व्यवसाय चालतो आणि परदेशी संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एचएमटीची 'जनता' व 'पायलट' ही घड्याळे आलिशान वर्गातील नसली, तरी पहिल्याची साधी पांढरी आणि दुसऱ्याची काळी तबकडी यांत वर सांगितलेल्या दोन परंपरा भारतीय वाचकाला घरातल्या कपाटातही पाहता येतात. मूळ तबकडी ओळखताना अक्षरांच्या कडा, तासखुणांची समानता आणि लेपाचा रंग काट्यांवरील लेपाशी जुळतो का, हे भिंगाखाली तपासले जाते. नव्याने रंगवलेल्या काळ्या तबकडीवर पांढरी अक्षरे जाड व पसरट दिसतात, तर पांढरीवर रंगाचा थर दिनांकाच्या चौकटीच्या कडेला साचलेला आढळतो.