वजन आणि मनाचा कल



ज्यांचे बालपण माझ्याप्रमाणे हुबळी-धारवाडच्या परिसरात गेले, त्यांना रेल्वे स्थानकावरील वजनाचे ते उंच यंत्र खचित आठवत असेल. आत नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि जाड कागदाचे एक लहानसे तिकीट बाहेर पडे. त्यावर आपले वजन छापलेले असे आणि त्याच तिकिटावर आपले भविष्यही असे. माणसे वजन वाचून गंभीर होत आणि भविष्य वाचून हसत. ती यंत्रे आता क्वचितच दिसतात. परंतु आकड्याकडे भविष्य म्हणून पाहण्याची आपली सवय काही गेलेली नाही. वजन म्हणजे आपल्या चारित्र्यावर दिलेला निकाल, अशा समजुतीने आपण काट्यावर उभे राहतो. वजन उतरवू पाहणाऱ्यांचे पाऊल बहुधा येथेच अडते, आणि त्याविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी व्यवसायाने शिक्षक. दिवसभर फळ्यापुढे उभे राहतो, तेवढाच व्यायाम पुरे, असे मानून मी कित्येक वर्षे काढली. चाळिशी उलटल्यावर रक्तातील साखर सीमेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. वडिलांचा मधुमेह मी जवळून पाहिलेला होता. त्यामुळे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. तेव्हापासून दर 1 जानेवारीस मी गोड वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा करू लागलो, आणि दर वर्षी ती संक्रांतीच्या सुमारास मोडू लागली. कारण शाळेत कोणाच्या तरी घरच्या आनंदवार्तेचे पेढे येत. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने येथे रुजविलेला हा तांबूस पेढा आता भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. धारवाडात राहून त्याला नकार देणे सोपे नव्हे. मी एक पेढा खाई. मग मनात येई, 'आजचा दिवस बुडालाच!' आणि बुडालेल्या दिवसाच्या हिशेबी आणखी तीन पेढे जमा होत.

येथे थोडे थांबून विचार करू. पहिल्या पेढ्याने शरीराचे फारसे काही बिघडले नव्हते. पुढचे तीन पेढे 'बुडालाच' या एका शब्दाने खावयास लावले.

या मनोव्यापाराचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी 1975 साली अमेरिकेत विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि नंतर आइस्क्रीम चाखावयास देऊन हवे तितके खाण्याची मुभा ठेवली. ज्या एरवी खाण्याची चिंता करीत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. परंतु ज्या सदैव स्वतःला आवरीत असत, त्यांनी उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता मागे कशाला राहा, असा हा न्याय! आपल्याकडील 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण त्याच दोषाची दुसरी बाजू दाखविते. तेथे पुण्य जमा झाले म्हणून सूट, येथे प्रमाद घडला म्हणून सूट. आम्हा ख्रिस्ती घरांतही चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपताच ईस्टरच्या जेवणात हाच प्रकार दृष्टीस पडतो.

वर्गातील एखादा मुलगा एक गणित चुकले की वहीचे सारे पान फाडून टाकतो. त्याला मी सांगतो, 'बाळ, चुकलेल्यावर एक रेघ मार आणि पुढचे गणित घे.' हा उपदेश स्वतःला लागू करण्यास मला फार वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, खरा प्रश्न मनाचा नसून पद्धतीचा आहे. तर पद्धतींचेही पाहू. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही खरी भूक लागेल तेव्हाच जेवण्याचा मार्ग महाराष्ट्रभर पोहोचविला. उलटपक्षी, मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, असे सांगितले. 2009 साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नावच मन न गमावता वजन गमवा, अशा अर्थाचे आहे. दोन्ही मार्ग परस्परांच्या विरुद्ध असूनही दोहोंचे ऋण मानणारी माणसे आपल्या ओळखीत आढळतात. हे कसे? बोस्टन येथे 160 जणांना चार निरनिराळ्या आहारपद्धतींत विभागून वर्षभर पाहण्यात आले, त्या अभ्यासाचा निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाला. वजन किती उतरले, हे कोणती पद्धत वाट्याला आली यापेक्षा ती किती नेटाने पाळली यावर अवलंबून असल्याचे त्यात दिसले. आणि नेट ही तर मनाचीच गोष्ट आहे.

मग मनात नेट यावा कसा? कित्येकांना वाटते, तो लाज दिल्याने येतो. माझ्या वर्गातील एका मुलीला तिच्या अंगलटीवरून मुले हाका मारीत. परिणाम इतकाच झाला, की तिने मैदानावर येणे सोडले. ज्या मैदानाची तिला गरज होती, तेच आम्ही तिच्यापासून हिरावून घेतले. 'आम्ही' म्हणतो, कारण ते चिडविणे मी वेळीच थांबविले नाही. 2013 साली अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनावरून भेदभाव सोसावा लागलेल्या ज्या व्यक्ती आरंभी लठ्ठ नव्हत्या, त्या चार वर्षांनंतर लठ्ठ झालेल्या आढळण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. घरात 'किती सुटलास!' म्हणून प्रेमाने टोचणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

दुसरी गोष्ट वंचनेच्या भावनेची. 2011 साली आलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 46 जणांना दोन वेळा एकच मिल्कशेक दिला. त्यात 380 कॅलरी होत्या. परंतु एकदा त्यावर 620 कॅलरींचा चैनीचा पदार्थ अशी चिठ्ठी होती, आणि एकदा 140 कॅलरींचा हलका पदार्थ अशी. आपण चैनीचे काही घेतले, अशी समजूत असता भूक चेतविणाऱ्या घ्रेलिन या द्रव्याचे रक्तातील प्रमाण कितीतरी अधिक घटले. प्रयोग लहान होता. त्यावर मोठा इमला उभारू नये. तथापि त्यातील सूचना घेण्याजोगी आहे. आपल्या ताटातील जोंधळ्याची भाकरी, मोडाची उसळ, जवसाची चटणी यांना 'पथ्य' म्हणून तोंड वाकडे करून खाल्ले, तर पोट भरूनही मन उपाशी राहते. तेच जेवण आपले नेहमीचे, चवीचे जेवण म्हणून सावकाश खाल्ले, तर मागून फराळाच्या डब्याकडे हात जात नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सवयीची. लंडन येथील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेऊन 2010 साली निष्कर्ष मांडले. सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागत होते; कोणाला 18 पुरत, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नव्हते. हे वाचल्यावर मी प्रतिज्ञा करणे सोडले आणि दोन साध्या गोष्टी ठरविल्या. शाळेतून परतल्यावर पायांतील बूट न काढता तसेच साधनकेरीच्या तळ्याकडे चालत जावयाचे. आणि पेढा आला तर तो उभ्याउभ्या तोंडात न टाकता घरी नेऊन जेवणानंतर अर्धा खावयाचा, उरलेला अर्धा पत्नीला द्यावयाचा. दीड वर्षात माझे वजन साडेपाच किलोंनी उतरले. मध्यंतरी लग्नसराईत दोन किलो परत चढले होते. त्या वेळी मी पान फाडले नाही; रेघ मारली.

परंतु मन सर्वसमर्थ आहे, असाही समज कोणी करून घेऊ नये. थायरॉइडचा विकार, काही औषधे, अपुरी झोप, आनुवंशिकता यांचा वजनाशी निकटचा संबंध आहे. वजन घटले म्हणजे शरीर आपला खर्च आखडता घेते आणि भूक वाढविते. अलीकडे भूक मंदावणारी इंजेक्शने निघाली आहेत. ती वैद्यकीय सल्ल्याने घेतल्यावर वर्षानुवर्षे अनावर असलेली भूक अनेकांच्या बाबतीत शांत होते. भूक ही केवळ मनोबलाची उणीव असती, तर असे घडले नसते. म्हणून वजन हटत नसेल, तर स्वतःला दूषण देण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. मनाचे काम मर्यादित आहे. पण ते दुसरे कोणी करू शकत नाही. रोज पुन्हा आरंभ करणे, एवढेच ते काम.

हुबळीच्या स्थानकावर 2023 साली 1507 मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून गणला जाणारा फलाट खुला झाला. गाडीला वेळ असेल तेव्हा मी त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. वीस मिनिटे सहज निघून जातात. चालताना ते जुने यंत्र आठवते. त्याच्या तिकिटावरील वजन त्या घटकेपुरते खरे असे. भविष्य मात्र आधीच छापून ठेवलेले असे. आपणही उद्या काट्यावर उभे राहाल, तेव्हा वजन तेवढे वाचा आणि उतरून आपल्या कामास लागा.