न दिसणारं जित्राब

संध्याकाळी पाहिली तेव्हा ट्रेमधली टोमॅटोची रोपं ताठ उभी होती. सकाळी गेलो तर कोपऱ्यातल्या तीन ओळी आडव्या. पानं हिरवी, शेंडा ताजा; फक्त मातीलगतचा देठ कुणी दोऱ्याने आवळावा तसा बारीक आणि काळपट. पुस्तिकांमध्ये याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. आमच्या जुन्नरकडे नुसतं ‘मर लागली’ म्हणतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, “आळवणीला काय घ्यायचं?”

त्या वर्षी मी ट्रायकोडर्मा घेतलं. दुकानाच्या दर्शनी भागात, मे महिन्याच्या उन्हात, पुड्यांची माळ टांगलेली होती. त्यातली एक तोडून दिली. घरी आणून पाण्यात कालवली, आळवणी केली. दोन दिवसांत धीर सुटला, म्हणून वरून कार्बेन्डाझिमही सोडलं. रोपं गेलीच. पुढे वर्षभर मी ‘जैविक-बिविक काही खरं नसतं’ असं सांगत हिंडलो. दोष उन्हाचा किती आणि माझा किती, ते हळूहळू कळलं. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी, आणि कार्बेन्डाझिम तिच्या जिवावर उठणारं बुरशीनाशक. पाहुणा मीच बोलावला आणि त्याच्या ताटात विषही मीच वाढलं.

गुराढोरांना आपण जित्राब म्हणतो. जित्राबाला सावली लागते, वैरण लागते, पाणी लागतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण तोच शेतकरी उपयुक्त सूक्ष्मजीवांची पुडी आणतो तेव्हा ती औषधांच्या फळीवर ठेवतो आणि औषधासारखीच वापरतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मर आणणाऱ्या बुरशींपैकी एक रायझोक्टोनिया. ट्रायकोडर्माचे तंतू तिच्या तंतूंभोवती वेलासारखे वेढे घालतात, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडतात आणि आतलं सत्त्व शोषून घेतात. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने ट्रायकोडर्माची ही परजीवी वृत्ती 1932 मध्ये मांडली. मारामारी डोळ्यांत भरते खरी, पण माझ्या मते ट्रायकोडर्माचं मोठं काम दुसरंच आहे: ती भराभर वाढते आणि मुळाभोवतीची जागा नि अन्न आधीच बळकावून बसते. मागून आलेल्या रोगाला शिरायला वाव उरत नाही. म्हणूनच रोपं कोलमडल्यावर आळवणी करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

माझे चुलते, तात्या, हे काम पेरणीच्या पंधरा दिवस आधी सुरू करतात. गोठ्याच्या मागे, जांभळीच्या सावलीत शंभर किलो चांगलं कुजलेलं शेणखत पसरायचं. त्यात किलोभर ट्रायकोडर्मा थराथराने मिसळायचं. ओल किती? मूठ आवळली तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओलं गोणपाट. चार-पाच दिवसांनी ढीग खालीवर करायचा. आधी पांढरी लव येते, मग ती हिरवी होते. ढीग असा हिरवा दिसला की पुडीतली बुरशी जिवंत होती आणि आता तिचं कुटुंब वाढलं आहे, हे कळतं. कच्चं, गरम शेण मात्र चालत नाही. त्यात हुमणीही येते आणि ट्रायकोडर्माही होरपळते. हे खत चाळून कोकोपीटमध्ये मिसळायचं, उरलेलं लागवडीच्या वेळी बेडवर.

पुडी घेताना तात्या चष्मा लावून बारीक अक्षरं वाचतात. तिथे एक सरकारी गंमतही कळते. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर ही जिवाणू खतं. 1985च्या खत नियंत्रण आदेशात ती 2006 मध्ये आली आणि भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे. ट्रायकोडर्माची नोंदणी मात्र 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. तिच्या पुडीवर ग्रॅमला 20 लाख हा आकडा दिसतो. कायद्याच्या लेखी बिचारी विषांच्या पंगतीत बसते, आणि बहुधा म्हणूनच दुकानदारही तिला त्याच कपाटात ठेवतो. आकडा काहीही असो, तो कारखान्यातून निघतानाचा. उन्हात टांगलेल्या पुडीत त्यातले किती उरतात ते छापलेलं नसतं.

शेंगवर्गीय भाज्यांची कथा वेगळी. तिथे जित्राब थेट घरात, म्हणजे मुळांवरच्या गाठीत राहतं आणि हवेतलं नत्र झाडाला देऊन बदल्यात साखर घेतं. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 मध्ये हे जिवाणू वेगळे केले, भारतात एन. व्ही. जोशी यांनी 1920 मध्ये त्यांच्यावर काम केलं. सासवडच्या वाटाण्याला लागणारा रायझोबियम आणि चवळीचा जिवाणू एक नव्हे, त्यामुळे पुडीवर पिकाचं नाव पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

लागलं की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा नको. फुलोऱ्यातलं एक झाड मातीसकट उपटा, मुळं धुवा, गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर कारखाना चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर बंद. युरिया सढळ हाताने टाकलेल्या रानात गाठी कमी येतात. आयतं ताट समोर आल्यावर झाड तरी भाडेकरू कशाला पोसेल? आणि टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर खूश होऊ नका, त्या सूत्रकृमीच्या. खरी नत्रगाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने निघते. सूत्रकृमीच्या गाठीत मूळच सुजलेलं असतं, ते तुटतं पण गाठ सुटत नाही.

मायकोरायझाची डबी हल्ली प्रत्येक पिकाला खपवली जाते. ही बुरशी मुळांत शिरून बाहेर दूरवर तंतू पसरते आणि स्फुरद आणून देते. कांदा, मिरची, टोमॅटोला तिचा उपयोग आहे. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे घराणं तिला दारातही उभं करत नाही, पालक-बीटही नाही. फ्लॉवरवाल्याने ती विकत घेणं म्हणजे गाढवापुढे गीता. आमच्या शिवारात ती किती जणांनी वाचून घेतली, ते मी मोजत नाही. त्यात मीही होतो.

विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेलं जीवामृत आणि जपानच्या तेरुओ हिगांचं ‘ईएम’ हे सूक्ष्मजीवांचं द्रावण यांच्याबद्दल भक्त आणि निंदक दोघेही जोरात बोलतात. मला स्वित्झर्लंडमधला एक प्रयोग आठवतो. झुरिकजवळ चार वर्षं ईएम वापरून पाहिलं, आणि शेजारच्या वाफ्यांत तेच द्रावण निर्जंतुक करून, म्हणजे जिवाणू मारून दिलं. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. जो काही फरक पडला तो द्रावणासोबत दिलेल्या अन्नद्रव्यांचा होता, जिवाणूंचा नव्हे. तिथली थंड हवा वेगळी, माती वेगळी. पण प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालतो तेव्हा पीक हसतं ते जिवाणूंमुळे की त्यांच्या शिदोरीमुळे? सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेल्या आपल्या रानांत तर शिदोरीच मुळात संपलेली आहे.

मग तात्यांच्या ढिगाचं काय? गुण ट्रायकोडर्माचा की शेणखताचा? या रब्बीला मी चार ट्रे वेगळे काढले. दोनांत हिरवं झालेलं खत, दोनांत तेच शेणखत पण ट्रायकोडर्माशिवाय. कडेला खडूने खुणा केल्या. तात्या पाणी द्यायला आले, खुणा पाहिल्या, विचारलं. मी सांगितलं. ते दुसऱ्या जोडीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “या दोघांनी काय पाप केलं रे?”

परवा बघितलं तर दोन्ही खुणा पुसलेल्या होत्या, आणि चारही ट्रेवर हिरव्या खताचा हात फिरलेला होता.