पाहुण्यांआधी नालबंद

ईटन बंधूंनी १८७९ मध्ये अमेरिकेतल्या डकोटात रँच सुरू केला. १९०४ मध्ये तो वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ आला. पाहुण्यांना घोडेस्वारीसाठी ठेवून घेणाऱ्या अशा रँचवर वसंतात पाहुण्यांच्या आधी नालबंद येतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी तो तासून पुन्हा नालबंदी करावी लागते. खिळा खुराच्या बाहेरच्या भिंतीत ठोकला तर दुखत नाही. आतल्या जिवंत भागाला लागला, की घोडा लंगडलाच!

मग धनुर्वाताची लस, टोकदार दाढांवर कानस. हिवाळ्यात अंग उतरलेल्या घोड्याला गेल्या वर्षीचं खोगीर बसेलच असं नाही. तंगाचा पट्टा हाताने वाकवून चिरा पाहायच्या.

खरा धोका कोवळ्या गवतात. त्यातल्या साखरेमुळे खुरांना दाह होऊ शकतो, म्हणून चराई हळूहळू वाढवतात.

अशा रँचवर गेलात, तर आधी घोड्यांचे खूर बघा.