फौजदारी, दिवाणी आणि अपकृत्य : शेतकऱ्यास उपयोगी असे कोर्टांतील कांहीं शब्द

कापणी तोंडावर आली, कीं गांवोगांव बांधाचे तंटे डोकें वर काढतात. कोणी बांध कोरतो, कोणी पाट फोडतो, कोणाची गुरें रात्रींतून दुसऱ्याच्या जोंधळ्यांत शिरतात. ज्याचें नुकसान झालें तो संतापून “आतां केस करतों” म्हणतो खरा. परंतु केस कसली, कोणापुढें आणि किती दिवसांच्या आंत, ह्या तीन प्रश्नांचा विचार त्यानें केलेला नसतो. मग पोलीस ठाण्याला खेटे घालण्यांत सहा महिने जातात, आणि जेथें खरी दाद मिळावयाची तें दार मुदतीनें बंद झालेलें असतें. कायद्यांतील कांहीं मोजके शब्द नीट समजले तर हें टळण्यासारखें आहे, म्हणून आमच्या वाचकांपुढें ते मांडीत आहों.

पहिली जोडी दिवाणी आणि फौजदारी. दिवाण आणि फौजदार हे मोगल अमदानींतील अधिकारी. एकाकडे वसुलाचें काम, दुसऱ्याकडे बंदोबस्ताचें. अधिकारी गेले, शब्द राहिले. फौजदारी काम म्हणजे गुन्ह्याचें काम. गुन्हा हा एका माणसाविरुद्ध घडला तरी कायदा तो सर्व समाजाचा अपराध मानतो, म्हणून खटला सरकार चालवितें; नुकसान झालेला शेतकरी तेथें फिर्यादी व साक्षीदार असतो, मालक नव्हे. शेवट होतो तो शिक्षेंत किंवा सुटकेंत. दंडाची रक्कम साधारणतः सरकारजमा होते. तींतून भरपाई देवविण्याचा अधिकार कोर्टास आहे, पण त्यावर भिस्त ठेवूं नये. दिवाणी दाव्यांत मात्र वादी स्वतः दावा लावतो, प्रतिवादी आपली कैफियत देतो, आणि शेवटीं होतो तो हुकूमनामा : अमुक रक्कम द्यावी, अमुक जागेचा ताबा द्यावा, अमुक कृत्य करूं नये. ह्या शेवटल्यास मनाई हुकूम म्हणतात. भरलेलें पीक वाचवावयाचें असेल तर शिक्षेपेक्षां तोच अधिक कामाचा.

गुन्ह्यांचा जुना कायदा, म्हणजे १८६० ची दंडसंहिता, १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आंकडे बदलले, पण शेतकऱ्याशीं संबंध येणाऱ्या गुन्ह्यांचें मूळ स्वरूप बदललेलें नाहीं. चोरीचेंच पाहा. जमिनीला लागून असलेली वस्तु जोंपर्यंत लागून आहे तोंपर्यंत ती चोरीचा विषय होत नाहीं. ती जमिनीपासून सुटली कीं होते. म्हणून दुसऱ्याचें उभें पीक लबाडीच्या हेतूनें कापून नेणें ही चोरीच. कापणें व नेणें एकाच हातानें, एकाच वेळीं झालें तरी ती सबब चालत नाहीं. पण कापणाऱ्यास तें पीक आपलेंच आहे असें प्रामाणिकपणें वाटत असेल तर लबाडीचा हेतु उरत नाहीं, आणि चोरीहि उरत नाहीं. वाटणीच्या जमिनींतील भावाभावांच्या फिर्यादी बहुधा येथेंच अडकतात. तो तंटा मुळांत दिवाणी असतो.

दुसरा शब्द आगळीक. नुकसान करण्याच्या हेतूनें, किंवा तें होईल हें माहीत असून, वस्तूचा नाश करणें अथवा तिची किंमत वा उपयोग घटविणें, ही आगळीक. साध्या आगळिकीस सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नुकसान २०,००० रुपये किंवा अधिक, पण एक लाखाच्या आंत असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि लाख वा त्याहून अधिक असेल तर पांच वर्षांपर्यंत. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असें कृत्य मुद्दाम करणें ह्यास पांच वर्षांपर्यंत, आणि नुकसान करण्याच्या हेतूनें आग लावणें ह्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ह्यावरून फिर्यादींत नुकसानीचा आंकडा व पाण्याचा उल्लेख कां असावा हें ध्यानांत येईल. नुसतें “फार नुकसान केलें” असें लिहून देणारा आपलीच बाजू लंगडी करतो.

आतां दखलपात्र व अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यांत पोलीस आपण होऊन तपास करूं शकतात व वॉरंटावांचून अटकहि करूं शकतात. अशी खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते, मग गुन्हा त्या हद्दींत घडलेला असो वा नसो. आणि तिची नक्कल खबर देणाऱ्यास फुकट मिळाली पाहिजे. अदखलपात्र गुन्ह्याची, जिला लोक ‘एन. सी.’ म्हणतात, केवळ नोंद होते. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून तिचा तपास पोलिसांस करतांच येत नाहीं. साधी आगळीक ह्याच वर्गांत मोडते. तेव्हां एन. सी. नोंदविली म्हणजे कांहीं तरी चाललें आहे, असें समजून स्वस्थ बसणें हा शुद्ध भ्रम होय. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, आणि तोहि वेळेंत. एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र अशा गुन्ह्याची दखल कोर्टानें एक वर्षाच्या आंत घ्यावयाची असते, अपवाद थोडे.

नुकसान झालें पण हेतु वाईट नव्हता, तर काय? समजा, रामजीनें रात्रीं पंप सुरू ठेवला, त्याला झोंप लागली, आणि पाणी बांधावरून जाऊन गोविंदरावांचा अर्धा एकर कांदा सडला. हा गुन्हा नव्हे. पण रामजीनें वाजवी काळजी घेतली नाहीं, म्हणून हें अपकृत्य आहे. करार नसतांहि एकाचें दुसऱ्याविषयीं जें कर्तव्य असतें तें मोडून नुकसान केलें कीं अपकृत्य घडतें. त्याची दाद म्हणजे दिवाणी कोर्टांतून भरपाई. हयगय, अतिक्रमण, उपद्रव, बदनामी, खोटा व द्वेषमूलक फौजदारी खटला, हीं सर्व त्याच कुळांतील. ह्या विषयाची एकत्र संहिता आपल्या देशांत नाहीं. तो बहुतांशीं न्यायाधीशांच्या निकालांनीं घडला आहे.

त्यांतील एक निकाल शेतकऱ्यानें मुद्दाम जाणावा असा आहे. इंग्लंडांत १८६८ सालीं रायलंड्स विरुद्ध फ्लेचर ह्या दाव्यांत असा नियम ठरला, कीं जमिनीवर धोकादायक सांठा करणाऱ्यानें तो सुटून झालेली नुकसानी हयगय नसतांहि भरून द्यावी. तेथील दावाहि पाण्याच्या तलावाचाच होता. पुढें मद्रास इलाख्यांत कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीनें फुटून रेल्वेचें नुकसान झालें, तेव्हां रेल्वे कंपनीनें हाच नियम पुढें केला. १८७४ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो लावला नाहीं. ह्या देशांत असे तलाव पुरातन आहेत, शेतीस अत्यावश्यक आहेत, ते राखणें हें जमीनदाराचें कर्तव्यच आहे. म्हणून त्याची हयगय सिद्ध झाल्यावांचून तो जबाबदार नाहीं, असें ठरलें. आमच्या मतें हा निकाल शहाणपणाचा होता. बांध राखणाऱ्यास आधार, आणि न राखणाऱ्यास इशारा, अशीं दोन्हीं त्यांत आहेत.

प्रत्येक नुकसानीस दाद असतेच असेंहि नाहीं. शेजाऱ्यानें आपल्या जमिनींत खोल विहीर खणली व आपली आटली, तर ठराविक प्रवाह नसलेलें जमिनीखालचें पाणी घेण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें मानलेला आहे. भूजलाच्या संरक्षणाचे नियम वेगळे आहेत, पण केवळ विहीर आटली म्हणून शेजाऱ्याकडून भरपाई सहसा मिळत नाहीं.

मुदतीची गोष्ट आम्हीं मागें ठेविली, कारण तीच सर्वांत घातक आहे. कोणीं बळजबरीनें आपणास जमिनीच्या ताब्यांतून काढलें, तर मालकीचा प्रश्न न उकरतां ताबा परत मिळविण्याचा दावा १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ६ व्या कलमाखालीं लावतां येतो. पण सहा महिन्यांच्या आंत, व सरकारविरुद्ध नाहीं. महाराष्ट्रांत १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडेहि, शेताचा ताबा गेल्यास किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्यास, जाण्याची सोय आहे. तेथेंहि मुदत सहाच महिने. ही संधि गेली तर मालकी सिद्ध करून बारा वर्षांपर्यंत ताबा मागतां येतो, पण तें लांबचें काम, आणि कागदांचें. अतिक्रमणाच्या भरपाईस तीन वर्षें आहेत. खोट्या खटल्याच्या किंवा बदनामीच्या भरपाईस फक्त एक वर्ष. ठाण्यांत किंवा फौजदारी कोर्टांत काम चालू आहे म्हणून दिवाणी मुदत थांबत नाहीं.

फौजदारींत आरोपी सुटला म्हणजे दिवाणी दावाहि बुडाला, असें गांवांत सर्रास म्हणतात. तें खरें नव्हे. फौजदारींत वाजवी संशयास जागा न उरेल इतका पुरावा लागतो, दिवाणींत कोणाची बाजू अधिक संभवनीय हें पाहतात. म्हणून फूट पडलेला बांध दुरुस्त करण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, आणि सातबाऱ्याचा उतारा जवळ ठेवावा.

आणि समन्स हातीं आला तर तो न घेणें ही युक्ति नव्हे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि तो फिरवून घेण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो.